त्रिकोणी पंखांचे विमान

वाकोल्याच्या मुलांना विमानांचे नवल ते काय! सांताक्रूझचा विमानतळ शेजारीच असल्यामुळे विमाने नित्य त्यांच्या दृष्टीस पडतात. परंतु ही प्रवासी विमाने होत. त्यांचे पंख लांब व निमुळते असून शेपटीपाशी आडव्या पंखांची आणखी एक लहान जोडी असते. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल ह्यांनी बंगळूर येथे जे प्रायोगिक जेट विमान प्रथम उडविले, त्याचा घाट मात्र निराळा होता. त्याचे पंख त्रिकोणी होते आणि शेपटीला आडवे पंख मुळीच नव्हते. भारतात रचलेल्या ह्या विमानाच्या जातीस २००३ साली ‘तेजस’ हे नाव मिळाले.

ग्रीक लिपीतील ‘डेल्टा’ हे अक्षर त्रिकोणासारखे असते. म्हणून अशा पंखांना डेल्टा पंख म्हणतात. त्यांची पुढची कड मागे झुकलेली असल्यामुळे अतिवेगात हवेचा विरोध कमी होतो. शिवाय धडाजवळ ते रुंद असल्यामुळे पातळ असूनही बळकट राहतात.

मुलांनो, ह्या विमानाची प्रतिकृती तुम्हांलाही करता येईल. ‘तेजस’ची लांबी १३.२ मीटर असून पंखांच्या दोन टोकांतील अंतर ८.२ मीटर आहे. १ : ४० हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृती ३३ सेंटिमीटर लांब व २०.५ सेंटिमीटर रुंद होईल. एकदा प्रमाण ठरले, की ते प्रत्येक भागास सारखेच लावावे. धड हलक्या लाकडाचे कोरावे, पंख जाड पुठ्ठ्याचे कापावेत आणि कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. पंखाची पुढची कड मात्र नीट न्याहाळावी. ती एका सरळ रेषेत नाही. धडाजवळ ती कमी तिरपी आहे व एका बाकापासून पुढे अधिक तिरपी होते. साधा त्रिकोण कापणे सोपे खरे. पण मग ते ‘तेजस’ राहत नाही.

एवढ्याशा बाकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. कडेचा आकार बदलला, की तिच्यावरून वाहणारी हवाही निराळी वाहते. म्हणूनच विमान बांधण्यापूर्वी शास्त्रज्ञ त्याच्या अचूक प्रतिकृतीवर बंद बोगद्यातून वेगाने हवा सोडून तिची परीक्षा घेतात. इंग्लंडात तर ‘व्हल्कन’ ह्या प्रचंड विमानाच्या पंखांची पारख करण्यासाठी सुमारे एकतृतीयांश आकाराचे, माणसाने उडवावयाचे ‘ॲव्हरो ७०७’ हे विमान बांधले होते. ४ सप्टेंबर १९४९ रोजी ते प्रथम उडाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस ते कोसळून वैमानिक एरिक एस्लर मृत्युमुखी पडला. तरीही ते काम थांबले नाही. १९५० मध्ये तसेच दुसरे विमान उडाले आणि १९५२ मध्ये ‘व्हल्कन’ने आकाशात झेप घेतली.

कधीही न उडालेल्या विमानात पहिल्यांदा बसणारा वैमानिक कशावर विसंबतो? अनेकांनी काटेकोरपणे घेतलेल्या मापांवर! आपल्या महाराष्ट्रातही, नाशिकच्या कारखान्यात बांधलेले पहिले ‘तेजस’ १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. तुमचे पुठ्ठ्याचे विमान उडणार नाही. परंतु मापाशी इमान राखण्याचा पहिला धडा ते तुम्हांला खचित देईल.

अभ्यास

१. प्रवासी विमान व ‘तेजस’ ह्यांच्या घाटात कोणता फरक आहे?
२. विमान बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती का करतात?
३. १ : २० हे प्रमाण घेतल्यास ‘तेजस’च्या प्रतिकृतीची लांबी व रुंदी किती होईल?
४. वाक्यांत उपयोग करा : न्याहाळणे, विसंबणे, इमान राखणे.