त्वचेचा ओलावा

थंडी सुरू झाली की आमच्या शाळेतल्या मुलांचे ओठ फुटतात. टाचांना भेगा पडतात. एकदा मी वर्गात विचारले, "यावर घरी काय लावता?"

"दादी खोबरेल तेल लावते," एक मुलगी म्हणाली.

"आम्ही पेट्रोलियम जेली लावतो. पण सर, ती जमिनीतल्या तेलापासून होते ना? मग ती अंगाला चालते का?" एका मुलाने विचारले.

प्रश्न चांगला होता. मी सांगू लागलो.

आपल्या त्वचेत पाणी असते. कोरड्या हवेत ते उडून जाते व त्वचा खरखरीत होते. स्निग्ध पदार्थ लावला की त्वचा मऊ राहते आणि आतले पाणी टिकते.

1859 साली अमेरिकेत खनिज तेलाच्या विहिरींवरील कामगार यंत्रांना चिकटलेला मेणासारखा पदार्थ जखमेवर लावत असत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला आणि 1872 मध्ये पेटंट घेतले. हीच पेट्रोलियम जेली. नीट शुद्ध केलेली जेली त्वचेला सुरक्षित असते. पण खनिज तेल एकदा संपले की पुन्हा लवकर तयार होत नाही.

काही क्रीममध्ये सिलिकोन असतात. त्यांच्यामुळे क्रीम चिकट लागत नाही. त्यांपैकी डी-4 आणि डी-5 पाण्यात गेले की लवकर नष्ट होत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने 2020 पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यांचे प्रमाण 0.1 टक्क्यापेक्षा कमी ठेवण्याचे बंधन घातले. जे त्वचेला सोसते, ते नदीला सोसेलच असे नाही.

"मग नैसर्गिक तेच चांगले?" मुलीने विचारले.

नेहमीच नाही. स्क्वालेन हा स्निग्ध पदार्थ पूर्वी मुख्यतः शार्क माशाच्या यकृतापासून मिळवत. त्यासाठी मासे मारले जात. आता तो उसाच्या साखरेपासूनही तयार होतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा उसासाठी ओळखला जातो. पण उसाला पाणी फार लागते आणि आपल्याकडे अनेक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणजे प्रत्येक वस्तूची किंमत कोणीतरी मोजतोच.

"सर, मग करायचे काय?"

"घटकांची यादी नसलेली डबी घेऊ नका. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहा. क्रीम किंवा तेल मुरलेले कपडे लवकर पेटतात. ते घालून चुलीजवळ बसू नका. आणि लागेल तेवढेच वापरा."

"म्हणजे दादीचे खोबरेल चालेल?"

"चालेल. अंघोळीनंतर अंग थोडे ओलसर असतानाच लावायला सांग."

शब्दार्थ : स्निग्ध – तेलकट, भेग – चीर, यकृत – कलेजी, प्रसाधन – अंगाला लावायची सौंदर्यवस्तू, टिकणे – शिल्लक राहणे.

स्वाध्याय
1. थंडीत त्वचा खरखरीत का होते?
2. युरोपीय संघाने कोणते बंधन घातले? का?
3. 'प्रत्येक वस्तूची किंमत कोणीतरी मोजतोच' याचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
4. घरातील एका क्रीमच्या डबीवरील घटकांची यादी वहीत लिहून आणा.