एकहाती कारभार आणि रुग्णाची खाट

घरातील यच्चयावत यंत्रांचा कारभार एकाच रिमोटच्या स्वाधीन करावा, ही कल्पना ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेले आहे त्याला फार लवकर मोहात पाडते. आमचे थोरले बंधू अर्धांगवायूने पुण्याच्या घरी पडून असताना परदेशातील पुतण्याने सुटीवर येऊन दिवा, पंखा, टीव्ही, एसी आणि वरखाली होणारी खाट या सर्वांची एकत्र तजवीज मोठ्या हौसेने लावून दिली. तिचे बरेवाईट अनुभव आम्हांस आले. त्यांतील वाइटाचाच तपशील मी येथे देणार आहे, कारण बऱ्याचा तपशील दुकानदार विनामूल्य पुरवतो.

टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाशाने काम करतो. सुमारे 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांस अगोचर असा तो प्रकाश सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडझाप करीत आपला हुकूम पोहोचवतो, आणि भिंत आडवी आली की तो हुकूम तेथेच रद्दबातल होतो. आपण ही त्याची उणीव समजतो. परंतु जो बटण दाबतो तो त्या यंत्राच्या समोर, त्याच खोलीत हजर असतो, ही हमी त्या उणिवेतूनच आपल्याला आयती मिळालेली असते. विजेवरच्या खाटांचे बिनतारी रिमोट मात्र बहुधा रेडिओलहरींचे असतात आणि त्यांना भिंतीचा अटकाव नसतो. पुतण्याने आणलेली पेटी दोन्ही प्रकारचे संकेत शिकून घेणारी होती: मूळ रिमोट तिच्यासमोर धरून बटण दाबावे, तिने तो संकेत टिपून ठेवावा, आणि पुढे वाय-फायवरून फर्मान येताच जसाच्या तसा सोडावा. अशा रीतीने खाट हलवण्याचा अखत्यार रुग्णाच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात, किंबहुना मोबाइलच्या वाटेने परदेशातही जाऊन बसला.

त्या व्यवस्थेत ‘रात्र’ नावाचे एक बटण होते. ते दाबले की दिवा मालवे, टीव्ही बंद होई, एसी ठरलेल्या अंशावर येई आणि खाट सपाट होई. एके संध्याकाळी वहिनींनी दादांना रव्याची पातळ खीर भरवली आणि भांडी ठेवण्यास त्या आत गेल्या. इतक्यात बाहेरच्या खोलीतील कुणीतरी टीव्हीचा आवाज नको म्हणून ‘रात्र’ दाबले. अर्धांगवायूनंतर ज्याची गिळण्याची क्रिया मंदावली आहे, त्याला जेवताना बसते ठेवावे आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास उशाकडची बाजू उंच असू द्यावी, हे डॉक्टरांनी वारंवार बजावलेले. येथे तर खाट निमूटपणे खाली चालली होती, खोलीत अंधार होता, आणि दादांची वाचा अडखळत असल्यामुळे त्यांना हाक मारता येत नव्हती. दाराशी बसलेल्या मामांनी ठसका ऐकला व धावून त्यांना उठवून बसवले, म्हणून तेवढ्यावर निभावले. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, प्रत्येक वस्तूने आपापला हुकूम बिनतक्रार पाळला होता, आणि म्हणूनच दुरुस्तीला कुणाला बोलवावे हा प्रश्नही उद्भवला नाही.

दुसऱ्याच दिवशी खाटेचा संकेत त्या पेटीतून कायमचा काढून टाकला. माझे मत असे की, ज्या यंत्रांनी चुकीचा हुकूम पाळला असता केवळ त्रागा होतो, ती सारी खुशाल एकत्र नांदवावीत. पण जे मनुष्याचे शरीर हलवते ते वेगळेच ठेवावे. खाटेच्या मूळ रिमोटवर डोके वा पाय उचलण्याचे बटण दाबून धरावे लागते आणि बोट सुटताच हालचाल थांबते, ही गैरसोय कारागिराने जाणून ठेवलेली आहे. खाटेखाली नातवंड शिरले असेल, लघवीच्या पिशवीची नळी कठड्यात अडकली असेल, तर बोट उचलणे हाच अखेरचा बंदोबस्त असतो. एका स्पर्शात खाट पूर्ण सपाट करणारे बटण निरोग्याच्या सुखासाठी ठीक, रुग्णाच्या खाटेला ते नसलेलेच बरे. शिवाय खाटेच्या मोटारी अखंड चालण्यासाठी घडवलेल्या नसतात. सलग 2 मिनिटे चालल्यास पुढे 18 मिनिटे विश्रांती, असे प्रमाण अनेक मोटारींच्या पट्टीवर छापलेले आढळते. आमच्याकडे आता खाटेचा तारेचा रिमोट दादांच्या धडधाकट हाताच्या बाजूस कठड्याला अडकवलेला असतो.

उरलेल्या यंत्रांचा एक रिमोट मात्र आम्ही ठेवला, त्यातही खाचाखोचा आहेतच. अनेक टीव्हींना चालू करण्याचा आणि बंद करण्याचा संकेत एकच असतो. त्यामुळे ‘सर्व बंद’ म्हटल्यावर आधीच बंद असलेला टीव्ही मध्यरात्री गर्जू लागतो. एसीचा रिमोट प्रत्येक दाबासरशी अंश, वेग, प्रकार अशी सगळी हकीकत नव्याने धाडतो, पण दुसऱ्या रिमोटने मध्यंतरी काय सांगितले याची त्याला वार्ता नसते. पंख्याचा वेग कमी करावयास जावे तो खोली 20 अंशांवर गारठते. तेव्हा एसीचा जुना रिमोट कपाटात कुलूपबंद करावा. मोबाइलच्या गुळगुळीत पडद्यापेक्षा उठावाची बटणे रुग्णाला केव्हाही सोयीची; वहिनींनी दिव्याच्या बटणावर खड्याची टिकली चिकटवली आहे, ती दादांना अंधारातही बोटाने सापडते.

वीज जाण्याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. राउटर इन्व्हर्टरवर नसेल, तर पेटीचे सारे शहाणपण वीज जाताच संपते. काही खाटांच्या नियंत्रण-पेटीत दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्या बसवण्याची सोय असते, तेवढ्यावर वीज नसताना खाट एकदा खाली आणता येते. खाट विकत घ्या की भाड्याने आणा, दुकानातच तिच्यावर स्वतः आडवे व्हावे, पाठ अर्धी उचलली गेली असता बटणावरचे बोट काढून पाहावे, आणि मग दुकानदाराला भिंतीवरचा स्विच बंद करावयास सांगून, तशा स्थितीत तो तुम्हांस खाली कसा आणतो ते पडल्या पडल्या पाहून घ्यावे.