पाण्याची पेढी आणि शेजाऱ्याचा हक्क



सूरह मुअमिनूनच्या अठराव्या आयतीत अल्लाह तआलाने आपल्या एका उपकाराची आठवण करून दिली आहे. तो आकाशातून ठरावीक प्रमाणात पाणी उतरवतो, ते जमिनीत साठवतो आणि ते परत नेण्याचे सामर्थ्यही त्याच्याचकडे आहे. भूजल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तिच्यावरील मागणी वाढत असताना ‘खाजगी जलपेढी’ हा उपाय सांगितला जातो. तो शरीअतच्या कसोटीवर तपासून पाहू.

जलपेढी म्हणजे सुकाळात पाणी जमा करणे आणि दुष्काळात काढणे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या केर्न परगण्यात सुमारे २०,००० एकरांवर अशी पेढी आहे. तेथे ओल्या वर्षी नदी-कालव्यांचे जादा पाणी उथळ तळ्यांतून जमिनीत मुरवतात आणि कोरड्या वर्षी उपसतात. साठवण्यात दोष नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांनीही सुकाळातील धान्य दुष्काळासाठी राखून ठेवले होते.

आपल्या महाराष्ट्रातील खाजगी पेढी म्हणजे शेततळे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. हेतू पावसाचे वाहते पाणी अडवण्याचा होता. परंतु अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी विहिरी व बोअरवेलच्या पाण्याने भरली जातात. अस्तरामुळे ते पाणी पुन्हा जमिनीत मुरत नाही आणि उन्हाळ्यात त्याची वाफ होते. येथे ठेव कोणाची आणि खाते कोणाचे? पाऊस साठवणारा स्वतःची बचत करतो; भूजल उपसून तळे भरणारा मात्र सामाईक ठेवीतून स्वतःच्या खात्यावर रक्कम वळवतो.

शरीअतने हा भेद जाणला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी, चारा आणि अग्नी यांत लोकांना भागीदार ठरवले आणि गरजेपेक्षा अधिक पाणी अडवून ठेवण्यास मनाई केली. हनफी फिक्हनुसार भांड्यात भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे असते. विहिरीच्या पाण्यावर मात्र तहानलेल्या माणसाचा व जनावराचा हक्क राहतो. शेत भिजवण्यासाठी मालकाची परवानगी लागते. पडीक जमिनीत खोदलेल्या विहिरीभोवती ४० हातांचा ‘हरीम’ राखण्यास सांगितले आहे. एकाच्या खोदकामाने दुसऱ्याचे पाणी आटू नये, ही चिंता त्यामागे आहे.

मदीनेतील रूमा विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. जो ती विकत घेऊन आपली बादली इतर मुस्लिमांच्या बादलीबरोबरीची ठेवील, त्याला प्रेषितांनी (स.) जन्नतची शुभवार्ता दिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या संपत्तीतून ती घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. पैसा खाजगी होता, पाणी सर्वांचे झाले.

म्हणून शेततळे असेल तर ते पावसाच्या पाण्याने भरा. बोअरवेल असेल तर तिच्याभोवती पाणी मुरवण्याची सोय करा. मशिदीच्या व घराच्या छपरावरचे पाणी गटारात न सोडता जमिनीत जिरवा. उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याच्या घागरीला नकार देऊ नका. जितके काढतो, तितके परत भरले का, हा हिशेब येथेच मांडलेला बरा. तो आखिरतमध्येही द्यावा लागणार आहे.

अल्लाह तआला आपणा सर्वांना ही अमानत जपण्याची तौफीक देवो. आमीन.