गोठ्याजवळचे धर्मशिक्षण



संत लूकने प्रभूच्या जन्माच्या वृत्तांतात गव्हाणीचा उल्लेख तीनदा केला आहे (लूक २:७, १२, १६). बैल आणि गाढव यांचे मात्र तेथे नावही नाही. ते आपल्या गोठ्यात आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून (१:३). मुक्या जनावराला आपल्या धन्याची गव्हाण कळते, पण देवाच्या प्रजेला आपला धनी कळत नाही, ही त्या संदेष्ट्याची खंत. आम्हां भावंडांना हे आजीने शिकवले, तेही शेणमातीने हात भरलेले असताना.

आमचा गोठा विकतचा नसे. द्राक्षांच्या जुन्या पेटीच्या फळ्या, गोणपाट आणि ओळखीच्या टांगेवाल्याकडून मागून आणलेला पेंढा, एवढे भांडवल. दहा-बारा दिवस आधी वाट्यांमध्ये गहू पेरायचे. नाशिकच्या थंडीत कोंब लवकर फुटत नसत, म्हणून त्या वाट्या पाण्याच्या बंबाशेजारी ठेवायच्या. मेंढपाळ कमी पडले, तर शेजारच्या मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे यायचे. कापडाचा तुकडा खांद्यावर टाकला, की मावळ्याचा धनगर होई! नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत जशी सर्व धर्मांची माणसे येतात, तसा आमचा गोठा पाहायलाही सगळा वाडा येई. आपले मावळे कुठे उभे आहेत, हे ती मुले आधी बघत.

गव्हाण मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत रिकामी राही. दिवसभरात कुणाचे काही चांगले केले, तर तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. काडी टाकताना काय केले ते सांगायचे नाही, हा आजीचा नियम. बाळाला मऊ अंथरूण मिळावे, एवढेच कारण ती देई.

एक वर्ष कठीण गेले. वडिलांचा कारखाना बंद पडला होता. नवे कपडे नव्हते, करंज्या मोजक्याच होत्या. त्यातच योसेफाची मूर्ती फुटली आणि दुसरी आणायला पैसे नव्हते. यंदा गोठाच नको, असे वडील म्हणाले. आजी काही बोलली नाही. तिने वडिलांच्या पेटीतून त्यांचा पाना काढला, पुसला आणि मारियेच्या शेजारी उभा केला. "योसेफही कारागीरच होता. त्या रात्री परगावी होता आणि बायकोला टेकायला जागा नव्हती," ती म्हणाली. वडील बराच वेळ गोठ्यापुढे बसून राहिले. त्या रात्री बाळाला गव्हाणीत त्यांनीच ठेवले.

असा गोठा चालतो का, असे कुणी विचारील. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळ साजरा केला, तेव्हा एकही मूर्ती नव्हती. गव्हाण, गवत, खरा बैल, खरे गाढव आणि जमलेले गावकरी. त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच गावी गोठ्यावरील आपल्या पत्रावर सही केली. शुभवर्तमानात नसलेली साधी, कष्टकरी माणसेही गोठ्यात शोभतात, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. आमच्या मावळ्यांना याहून मोठी परवानगी ती कोणती!

आता दुकानात गोठा तयार मिळतो, बाळही आत चिकटवलेले असते. घेण्यास हरकत नाही, पण शक्यतो बाळ वेगळे करता येईल असा घ्यावा आणि २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ते कपाटात ठेवावे. मुले रोज विचारतील, बाळ कुठे आहे? त्या वेळी लूकचा दुसरा अध्याय वाचून दाखवावा. फळ्या, माती आणि गहू मुलांच्याच हाती द्यावेत, घर थोडे खराब होईल.

तीन राजांनाही एवढ्यात गोठ्यात आणू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते घरात आले असे आहे (२:११), आणि ते तीन होते असे कुठेच म्हटलेले नाही. आमच्याकडे ते खिडकीपासून निघत, रोज वीतभर सरकत आणि प्रकटीकरणाच्या सणाला पोहोचत. आज कोणी सरकवायचे, यावरून आम्हां भावंडांत रोज भांडण होई.