घरगुती अग्निबाणाचा संच : निवड, खर्च व उपयोग

दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात सुखरूप उतरले, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांतूनही अग्निबाण हा शब्द बालकांच्या तोंडी सहज येऊ लागला. त्याबरोबरच शिक्षकांपुढे एक नवा प्रश्न येतो. दुकानात अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर अग्निबाणाच्या संचाची रंगीत पेटी मूल पाहते, घरी हट्ट धरते, आणि पालक शाळेच्या दारात येऊन विचारतात, "गुरुजी, यातला कोणता घ्यावा? परवडेल असा सांगा." हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. गिरणीत वा शेतात राबणाऱ्या माणसाच्या चार दिवसांच्या कमाईचा तो प्रश्न असतो, आणि त्याच्या मुलाच्या डोळ्यांचा व हातांचाही असतो. उत्तर देणाऱ्यास विषयाची नेमकी माहिती असावी, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

प्रथम पेटीवरील चित्रात जो अग्निबाण दिसतो, त्याची हकीकत पाहू. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास मुले घरी स्फोटक द्रव्ये कालवून अग्निबाण करू लागली व त्यांत हातपाय गमावू लागली. त्यावर उपाय म्हणून नेब्रास्का राज्यातील ऑरव्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने आणि हॅरी स्टाइन या अग्निबाण-तज्ज्ञाने कारखान्यात तयार झालेले, एकदाच वापरावयाचे छोटे इंजिन पुढे आणले. पुढे व्हर्नन एस्टेस याने अशी इंजिने यंत्राने बनविण्यास आरंभ केला. या अग्निबाणाचे धड कागदी नळीचे, पंख हलक्या लाकडाचे वा प्लास्टिकचे, टोक प्लास्टिकचे, आणि पोटात घडी केलेली छत्री असते. त्यात धातूचा भाग जवळजवळ नसतोच, कारण खाली येणारी वस्तू कोणाच्या डोक्यावर पडली तरी इजा कमी व्हावी, असा त्यामागील विचार आहे.

इंजिनावर 'ए ८-३' अशी खूण असते. ती वाचता येणे हाही एक लहानसा धडा आहे. पहिले अक्षर इंजिनाचा एकूण आवेग सांगते. 'ए' म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, 'बी' म्हणजे ५, 'सी' म्हणजे १० पर्यंत. म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक दुप्पट. मधला अंक सरासरी जोर न्यूटनमध्ये दाखवितो. शेवटचा अंक म्हणजे इंधन संपल्यापासून छत्री बाहेर फेकली जाईपर्यंतचे सेकंद. संच विकणारा केवळ 'फार उंच जातो' इतकेच सांगत असेल आणि ही खूण त्यास सांगता येत नसेल, तर त्याच्याजवळ पैसे मोजण्याची घाई करू नये.

परंतु आपल्याकडे खरी अडचण याच इंजिनाची आहे. त्यात बंदुकीची दारू असते, आणि १८८४ चा विस्फोटक अधिनियम व २००८ चे विस्फोटक नियम यांच्या कक्षेत ती येते. अशा वस्तूच्या आयातीस परवाना लागतो. टपालाने ती पाठविता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्यापासून दूर नाही, ते नागपुरासच आहे. म्हणून परदेशी संच मागविणाऱ्या कुटुंबाच्या हाती पुष्कळदा सुंदर नळी येते आणि इंजिन येतच नाही. समजा, कोणी परवानाधारकाने इंजिने पुरविली, तरी एका उड्डाणास एक इंजिन जळून जाते. पेटी एकदाच घ्यावी लागते, इंजिन मात्र दर वेळी. परवडणे-न परवडणे हे पेटीच्या किमतीवरून नव्हे, तर दर उड्डाणास येणाऱ्या खर्चावरून ठरवावयाचे असते, ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगावी.

शिवाय हिंगणघाट हे कापसाचे गाव. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, जिनिंगच्या आवारात ढीग लागलेले असतात, शेतात वाळलेली पऱ्हाटी उभी असते. अशा वेळी जळते इंजिन घेऊन वाऱ्याने भरकटणारी वस्तू आकाशात सोडणे हे शेजारधर्मास सोडून होईल. दिवाळीतील बाणाने गंजी पेटल्याच्या कथा प्रत्येक गावात ऐकावयास मिळतात. त्यांत शाळेने भर घालू नये.

येथे एक इशारा अधिक स्पष्ट शब्दांत देणे अवश्य आहे. इंजिन मिळत नाही म्हणून काड्यापेटीचे गूल, फटाक्यांतील दारू किंवा खतातील क्षार कालवून घरीच इंधन करण्याची कल्पना मोठ्या मुलांच्या डोक्यात येते. ती तत्काळ मोडून काढावी. घन इंधन ही पोरखेळाची वस्तू नव्हे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारताच्या भूमीवरील पहिला संशोधक अग्निबाण उडाला, तो परदेशी बनावटीचा होता. स्वदेशी घन इंधन सिद्ध करण्यासाठी पुढे डॉ. वसंतराव गोवारीकर या आपल्या मराठी शास्त्रज्ञास व त्यांच्या सहकाऱ्यांस अनेक वर्षे प्रयोगशाळेत खपावे लागले. १८ जुलै १९८० रोजी 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ या वाहनाचे चारही टप्पे घन इंधनाचेच होते. ज्या कामास निष्णात रसायनतज्ज्ञ, जाड भिंती आणि कडक शिस्त लागली, ते स्वयंपाकघरात होणे नाही.

मग कुटुंबाने काय घ्यावे? आमच्या मते पाणी व दाबलेली हवा यांवर उडणारा अग्निबाण. त्यास ज्वाला नाही, परवाना नाही, आणि त्याचे इंधन विहिरीत आहे. तत्त्व मात्र तेच, क्रिया व प्रतिक्रिया यांचे. शीतपेयाच्या बाटलीत पाव ते तृतीयांश पाणी भरून ती उलटी बसवावयाची, तळाकडून पंपाने हवा दाबावयाची आणि तोंड मोकळे करावयाचे. हवा पाण्यास खाली लोटते आणि पाणी बाटलीस वर लोटते.

त्याचे सामर्थ्य किती, हे आकड्यांवाचून कळत नाही. ४० पी.एस.आय. दाब दिला, म्हणजे मोटारीच्या चाकातील नेहमीच्या दाबाहून थोडा अधिक, तर पाणी सेकंदास सुमारे २३ मीटर वेगाने बाहेर पडते. बाटलीच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. त्यावरून हिशेब केल्यास आरंभीचा जोर २०० न्यूटनच्या आसपास येतो. वीस किलोची धान्याची गोणी जितक्या भाराने जमिनीवर टेकते, तितका हा भार! तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही टिकत नाही, पण तेवढ्यात बाटली पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते. म्हणूनच या साधनास निरुपद्रवी म्हणू नये. ते अग्नीपासून मुक्त आहे, धोक्यापासून नव्हे.

आता संचाची पारख. बाजारातील संचात बाटली क्वचितच महत्त्वाची असते. ती कोणत्याही लग्नमंडपातून फुकट मिळते. पैसे द्यावयाचे ते बाटली धरून ठेवणाऱ्या व सोडणाऱ्या यंत्रणेचे. स्वस्त संचात केवळ रबरी बूच असते. दाब वाढला की बूच आपोआप निसटते. कधी निसटेल हे कोणासच ठाऊक नसते, आणि नेमके त्याच क्षणी मूल वाकून पाहत असते. ज्या संचात बाटलीची मान खिट्टीने पकडली जाते आणि लांब दोरी ओढल्यावरच सुटते, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. येथे काटकसर करू नये. दोरी निदान पाच मीटर असावी. आखूड असल्यास सुतळी जोडून वाढवावी.

दुसरी गोष्ट वॉल्वची. पुष्कळ संचांना मोटारसायकलच्या ट्यूबसारखा वॉल्व असतो, आणि आपल्या घरी सायकलचा पंप असतो. दोन्ही जुळत नसतील तर पेटी घरी आणून मुलाचा विरस होतो. खरेदीस जाताना पंपाचे तोंड पाहून, शक्य तर पंपच सोबत घेऊन जावे. दाबमापक असलेला पंप नसेल, तर ज्यांच्याकडे आहे अशा दोन-तीन कुटुंबांनी मिळून हा उपक्रम करावा; त्यात खर्चही वाटला जातो. नळाच्या फिटिंगचे काम जाणणारे काका किंवा मामा घरात असतील, तर प्लास्टिकची नळी, रबरी कडी व वॉल्व यांपासून उड्डाणपीठ घरीच होऊ शकते. तेव्हाही नळी घेताना रिकामी बाटली दुकानात न्यावी आणि तोंडात नळी सरकते की नाही ते तेथेच पाहावे.

बाटली मात्र वायुयुक्त शीतपेयाचीच हवी. तिचा तळ पाकळ्यांचा असतो व भिंत दाब सोसण्याकरिताच घडविलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली वापरू नये. चरा पडलेली, उन्हात पिवळी पडलेली किंवा चेपलेली बाटली टाकून द्यावी. नव्या बाटलीची परीक्षा ती पाण्याने काठोकाठ भरून, योजलेल्या दाबाहून थोडा अधिक दाब देऊन घ्यावी. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी फक्त पाणी सांडते. हवेने भरलेली फाटली तर ती फुटते. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी ४० पी.एस.आय. ही मर्यादा समजावी.

पंख व टोक मुलांनी स्वतः करावेत. जुन्या वहीचे पुठ्ठे, चिकटपट्टी, टोकात थोडी माती अथवा चिंधी, एवढे पुरे. टोकाशी वजन नसेल तर बाटली वर जाऊन गिरक्या घेते. तोल तपासण्याची युक्ती अशी की, रिकाम्या बाटलीस ती आडवी तोलून राहील अशा जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवावी. टोक पुढे ठेवून फिरली तर पंख व वजन योग्य आहेत. मुलींच्या हाती चिकटपट्टी आणि मुलांच्या हाती पंप, अशी वाटणी घरातील मोठी माणसे नकळत करतात. शिक्षकांनी ती होऊ देऊ नये.

उड्डाण हिवाळ्यातील सकाळी, वारा पडलेला असताना, पीक निघालेल्या मोकळ्या वावरात करावे. विजेच्या तारा जवळ नसाव्यात. पंप मोठ्या माणसानेच मारावा, बघ्यांनी दहा-पंधरा पावले दूर उभे राहावे, आणि हवा भरलेल्या बाटलीवर कोणीही वाकू नये. बाटली सुटली नाही, तर जवळ न जाता आधी हवा मोकळी करण्याची सोय हवी. संच घेताना ती आहे का, हेही विचारावे.

किती उंच गेली, हा प्रश्न मुले विचारतीलच, आणि त्याचे उत्तर शोधण्यास हिंगणघाटइतकी उचित भूमी दुसरी नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून निघाला, आणि कोनांवर कोन मोजीत उत्तरेकडे सरकत असता जानेवारी १८२३ मध्ये येथेच मरण पावला. त्याची कबर आपल्या गावात आहे. ज्या रीतीने त्याने देश मोजला, त्याच रीतीने बाटलीची उंची मोजता येते: एक आधाररेषा आणि एक कोन.

कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून टोकास नट लोंबता ठेवावा आणि सरळ कडेस कागदी नळी चिकटवावी. उड्डाणस्थानापासून ३० मीटरवर उभे राहून नळीतून बाटलीच्या सर्वोच्च स्थानाकडे पाहावे व दोरा बोटाने दाबून धरावा. दोरा ५० अंश दाखवीत असेल, तर ९० तून ५० वजा करून उन्नत कोन ४० अंश येतो. मग कागदावर ५ मीटरांस १ सेंटिमीटर या प्रमाणाने ६ सेंटिमीटर रेषा काढावी, एका टोकाशी ४० अंशांचा कोन करावा, दुसऱ्या टोकावर लंब उभारावा. लंब सुमारे ५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे २५ मीटर. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवावी. बाटली वाऱ्याने एका अंगास सरकते, म्हणून दोन मुलांनी समोरासमोरच्या दोन बाजूंनी मोजून सरासरी घ्यावी.

प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत करावी: पाणी किती, दाब किती, कोन किती, वारा कसा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न :

१. बाटलीत पाणी न भरता केवळ हवाच भरली, तर ती कमी उंच का जाते?

२. पाणी निम्म्याहून अधिक भरल्यास काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

३. एका संचाची किंमत २,४०० रुपये असून त्यात तीन इंजिने आहेत. दुसऱ्याची किंमत ९०० रुपये असून त्याने ६० उड्डाणे झाली. दोहोंतील दर उड्डाणाचा खर्च काढा व घरी वडीलधाऱ्यांस दाखवा.