ज्वारीची भाकरी आणि तुरीचें वरण

दुभत्या म्हशीस कडब्याबरोबर पेंड व सरकी किती द्यावी, ह्याचा हिशेब आमच्या बहुतेक वाचकांस तोंडपाठ असतो. नुसत्या कडब्यावर जनावराचें पोट भरतें, परंतु दूध आटतें व अंग उतरतें, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. मात्र ज्या घरीं गोठ्याचा हिशेब इतका चोख असतो, त्याच घरीं माणसांच्या ताटाचा हिशेब बहुधा कोणीं मांडलेलाच नसतो. भाकरी पोटभर मिळाली म्हणजे पोषण झालें, असें आपण धरून चालतों. आहारानें आरोग्य राखण्याची विद्या शिकणारांस, मग ते निसर्गोपचाराचे विद्यार्थी असोत कीं घर चालविणारी गृहिणी असो, अन्नशास्त्राचीं व जीवरसायनशास्त्राचीं जीं मूलतत्त्वें प्रथम समजून घ्यावीं लागतात, तीं आम्ही ह्या लेखांत आपल्या परिचयाच्या एका जेवणावरून सांगणार आहों. तें जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी व तुरीचें वरण. ह्यांतील वरण वगळलें तर काय होतें, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. कारण तूर बाजारांत गेली, दूध डेअरीला गेलें आणि घरांत ज्वारी तेवढी उरली, ही स्थिति केवळ गरिबाच्याच घरीं असते असें नाहीं.

ज्वारीच्या १०० भागांत सुमारें ६८ भाग पिष्ट, १० भाग प्रथिनें, १० भाग तंतू व पावणेदोन भाग स्निग्ध पदार्थ असतात. बाकीचें पाणी व क्षार. पिष्टाची कथा थोडक्यांत सांगतां येते. लाळेंतील व आंतड्यांतील पाचक रस पिष्टाचे तुकडे करून त्याची द्राक्षशर्करा बनवितात, ती रक्तांत शोषिली जाते, आणि शरीरांतील सूक्ष्म पेशींत श्वासांतून आलेल्या प्राणवायूशीं तिचा संयोग होऊन शक्ति व उष्णता उत्पन्न होते. शेवटीं कर्बवायु व पाणी उरतें. चुलींत लांकूड जळतें तसाच हा प्रकार, इतकेंच कीं तो पायरीपायरीनें व ज्वाळेवांचून होतो. ४०० ग्रॅम ज्वारींतून सुमारें १३३० कॅलरी शक्ति मिळते. नांगर धरणाऱ्यास ती पुरत नाहीं, म्हणून तो भाकरी वाढवितो, वर गूळ व तेल खातो. शक्तीची उणीव भूक सांगते. तिच्याविषयीं आम्हांस फारसें लिहिण्याचें कारण नाहीं.

प्रथिनांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांची उणीव भुकेस कळत नाहीं. पिष्ट व स्निग्ध पदार्थ ह्यांत कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु एवढींच मूलद्रव्यें असतात. प्रथिनांत त्यांखेरीज नत्र असतो. स्नायू, रक्त, त्वचा, पाचक रस, सारीं प्रथिनांचीं घडलेलीं आहेत. प्रथिन हें एकच द्रव्य नव्हे. अमिनो आम्लें म्हणून जीं २० प्रकारचीं लहान द्रव्यें आहेत, त्यांची लांब माळ म्हणजे प्रथिन. पोटांत गेल्यावर ती माळ तुटते, मणी सुटे होतात, आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणें त्यांची नवी माळ ओवतें. ह्या २० पैकीं ११ मणी शरीर स्वतः घडवूं शकतें. उरलेले ९ त्यास घडवितां येत नाहींत. ते अन्नांतूनच आले पाहिजेत.

येथें शेतकऱ्यास ओळखीचा एक नियम लागू पडतो. जर्मनींत स्प्रेंगेल ह्यानें १८२८ सालीं व त्यानंतर लीबिग ह्यानें १८४० च्या सुमारास असें दाखविलें कीं, पिकाची वाढ जमिनींत जें द्रव्य सर्वांत कमी पडतें त्याच्या मापानें होते. स्फुरद कमी असेल तर नत्राचीं पोतींच्या पोतीं ओतलीं तरी उत्पन्न वाढत नाहीं. शरीराचेंहि तसेंच आहे. नऊ आवश्यक आम्लांपैकीं एक जरी अपुरें असलें, तरी माळ तेथेंच अडते, आणि बाकीचे मणी कितीहि असले तरी ते वायां जातात. वायां जातात म्हणजे काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. पिष्टाची किंवा चरबीची जशी शरीरांत सांठवण होते, तशी सुट्या अमिनो आम्लांची होत नाहीं. जीं वापरलीं गेलीं नाहींत त्यांतील नत्र यकृतांत वेगळा होतो, त्याचा युरिया बनतो व तो मूत्रावाटें निघून जातो. शेष भाग जळणांत जातो. म्हणजे महागाचें प्रथिन सरपणाच्या किंमतीनें खपतें.

हें अनुमान नव्हे, प्रयोगानें सिद्ध झालेलें आहे. ऑस्बोर्न व मेंडेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१४ सालीं उंदरांस मक्यांतील झीन हें प्रथिन तेवढें खाऊं घातलें. उंदीर झिजत चालले. त्या आहारांत ट्रिप्टोफेन नांवाचें अमिनो आम्ल मिसळतांच झीज थांबली, पण वाढ होईना. त्यांत लायसीन नांवाचें दुसरें आम्ल घातलें तेव्हां वाढ सुरू झाली. मका व ज्वारी हीं एकाच तृणकुलांतलीं धान्यें आहेत, व त्यांच्या प्रथिनांची घडणहि पुष्कळ अंशीं सारखी आहे.

आतां आपल्या ताटाकडे येऊं. ज्वारीच्या प्रथिनांत तुटवडा आहे तो लायसीनचा. १०० ग्रॅम ज्वारी-प्रथिनांत लायसीन जेमतेम दोन ते सव्वादोन ग्रॅम निघतें. तुरीच्या डाळीच्या प्रथिनांत तें साडेसहा ते सात ग्रॅम असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मानाप्रमाणें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ३० मिलिग्रॅम लायसीन लागतें, म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसास १.६५ ग्रॅम. त्यानें दिवसांत ४०० ग्रॅम ज्वारी खाल्ली तर प्रथिनें ४० ग्रॅम मिळालीं, पण लायसीन ०.८८ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून थोडेंच अधिक. ह्याच भाकरीबरोबर ६० ग्रॅम तूरडाळीचें वरण असलें तर डाळींतून १३ ग्रॅम प्रथिनें व त्यांतून सुमारें ०.८७ ग्रॅम लायसीन मिळतें. बेरीज १.७५ ग्रॅम होते. गरज भागली. डाळींत मेथिओनीन नांवाचें आम्ल कमी असतें, तें ज्वारी पुरविते. म्हणून दोघांचाहि उपयोग एकमेकांमुळें वाढतो. दोन्ही पदार्थ एकाच घांसांत असावेत असें मात्र नाहीं. सकाळीं भाकरी-चटणी व रात्रीं आमटी-भाकरी असली तरी चालतें, परंतु आठवडाभर कोरडी भाकरी व बाजाराच्या दिवशीं वरणाची मेजवानी, हा हिशेब जुळत नाहीं.

कोणी म्हणेल, मग ज्वारीच अधिक खावी. तेंहि मोजून पाहूं. केवळ ज्वारीतून १.६५ ग्रॅम लायसीन मिळवावयाचें तर रोज ७५० ग्रॅम ज्वारी लागेल, आणि शिजलेल्या ज्वारीचें प्रथिन पुरतेंपणीं पचत नसल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनहि अधिक. कष्ट करणारा गडी एवढें कदाचित् खाईल. अंगावरून सुटलेलें दोन वर्षांचें मूल तें खाऊं शकत नाहीं, व वजनाच्या मानानें त्याची गरज प्रौढाहून मोठी असते. अंगावर पाजणाऱ्या आईचेंहि तसेंच. आणि खेदाची गोष्ट ही कीं पुष्कळ घरीं पुरुष व पाहुणे जेवून उठल्यावर ज्यांच्या वांट्यास पातेल्याच्या तळचें पाणी येतें, त्या ह्याच स्त्रिया असतात. वरण किती वाढलें हें पळीवर मोजूं नये; कोरड्या डाळीचें वजन काय होतें तें पाहावें. पाणी घालून आमटी वाढते, डाळ वाढत नाहीं.

दूध व ताक ह्यांचा उल्लेख येथेंच करतों. दुधाच्या प्रथिनांत लायसीन विपुल आहे. पाव लिटर दुधांत सुमारें ८ ग्रॅम प्रथिनें व अर्ध्या ग्रॅमाहून अधिक लायसीन असतें. लोणी काढल्यानें हा अंश जात नाहीं, तो ताकांत राहतो. म्हणून भाकरी व ताक हें जेवण, ताक केवळ पांढरें पाणी नसेल तर, शास्त्राच्या कसोटीसहि उतरतें.

लायसीनच्या उणीवेपेक्षां भयंकर असा एक प्रसंग केवळ धान्य खाणारांवर आलेला आहे, त्याचा इतिहास प्रत्येक शेतकऱ्यानें जाणावा असा आहे. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतांत कासाल नांवाच्या वैद्यानें १७३५ सालीं मका खाणाऱ्या गरीब लोकांतील एका रोगाचें वर्णन लिहून ठेवलें. उन्हास उघड्या असणाऱ्या हातांची, पायांची व मानेची कातडी काळवंडून खरबरीत होते, हगवण लागते, पुढें बुद्धिभ्रंश होतो. ह्यास पेलाग्रा म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्याची मोठी सांथ होती व तो संसर्गजन्य आहे असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनीं १९१५ सालीं मिसिसिपी संस्थानांतील तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांस, त्यांच्या संमतीनें, मका व तत्सम पिष्टमय अन्नावर ठेविलें. कांहीं महिन्यांत ६ जणांस रोगाचीं लक्षणें दिसलीं. रोग सांसर्गिक नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यांनीं रोग्याचें रक्त स्वतःस टोंचून घेतलें. १९३७ सालीं एल्व्हेहेम ह्यांनीं शोधून काढलें कीं, उणीव आहे ती नायसिन ह्या जीवनसत्त्वाची. हें जीवनसत्त्व शरीर ट्रिप्टोफेनपासून थोडेंबहुत बनवूं शकतें, सुमारें ६० भागांपासून १ भाग. मेक्सिकोंतील मूळचे लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत. त्यामुळें मक्यांतील बद्ध नायसिन मोकळें होई. युरोपानें मका नेला, ही रीत नेली नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न ज्वारीच्या रूपानें पुढें आला. दख्खनच्या पठारावरील केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्राचे रोगी आढळत. हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेस १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था हें नांव आहे, तेथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया ह्यांनीं १९६० सालीं असें मत मांडलें कीं, ज्वारींत ल्यूसीन नांवाचें अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असल्यामुळें ट्रिप्टोफेनपासून नायसिन बनण्याच्या क्रियेंत अडथळा येतो. ह्या मतास पुढील सर्व प्रयोगांनीं दुजोरा दिला असें नाहीं, व वाद पुरता मिटलेला नाहीं. परंतु ज्वारीबरोबर डाळ, दूध, भुईमुगाचे दाणे असतील तर रोग होत नाहीं, ह्याविषयीं वाद नाहीं. भुईमुगाच्या दाण्यांत नायसिन भरपूर असतें. तेव्हां भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी ही केवळ जिभेची सोय नव्हे.

ज्वारीची निंदा करावी असा आमचा हेतु नाहीं. ती पावसाच्या ताणांत टिकते, तिचे तंतू कोठ्यास हितकर आहेत, आणि कोंडा चाळून न टाकतां दळली तर तिचीं ब जीवनसत्त्वें व लोह बहुतांशीं शाबूत राहतात. ह्या लोहास फायटिक आम्ल धरून ठेवतें. पीठ आंबवून आंबील केल्यानें तें आम्ल कमी होतें व प्रथिनहि अधिक पचतें, आणि जेवतांना लिंबू पिळल्यानें लोह शोषण्यास मदत होते. निसर्गोपचाराच्या नांवाखालीं एकच धान्य महिनोन्‌महिने खाण्याचा किंवा सर्व कांहीं कच्चें खाण्याचा जो उपदेश कांहीं मंडळी करतात, तो आम्हांस मान्य नाहीं. कच्च्या डाळींत पाचक रसाचें काम अडविणारीं द्रव्यें असतात व तीं शिजविल्यानेंच नाहींशीं होतात. ज्वारीस मोड आणून कच्ची खाणें तर धोक्याचें आहे. कोवळ्या ज्वारीनें गुरें दगावतात तें ज्या विषामुळें, तेंच त्या मोडांत असतें.

नवलाची गोष्ट अशी कीं ताटांतील ही जोडी आपल्या शेतांत आधींपासूनच आहे. ज्वारीच्या ओळींत तुरीचे तास धरण्याची आपली रीत जुनी आहे, आणि तिचें एक कारण हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं उलगडलें : डाळवर्गी पिकांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतू हवेंतील नत्र धरून देतात. तोच नत्र पुढें डाळींत प्रथिन होऊन येतो.

आतां शेवटचा हिशेब. दरमाणशीं रोज ६० ग्रॅम म्हणजे वर्षास सुमारें २२ किलो डाळ. पांच मोठ्या माणसांच्या घरास ११० किलो. घरगुती भरडाईंत चुणी-कोंडा जाऊन शंभरास सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते, म्हणून दीड क्विंटल तूर खळ्यावरच बाजूस काढावी व मग उरलेल्या मालाचा भाव करावा. ज्या गांवीं सालदारास धान्य देण्याची रीत आहे, तेथें त्याच्या ठरावांत ज्वारीच्या जोडीस डाळहि माणशीं ह्याच मापानें घालावी. घरखर्चाची तूर सबंध ठेवण्यापेक्षां कडक उन्हें देऊन तिची डाळ करून ठेवावी. भुंगेरा सबंध तुरीवर जितका पडतो तितका डाळीवर पडत नाहीं.