पाच राउंड, पाच पुंगळ्या

एनसीसीच्या वार्षिक शिबिरात परेड होते, नकाशावाचन होतं, पण कॅडेट वाट बघतात ती फायरिंगची. अहिल्यानगरच्या १७ महाराष्ट्र बटालियनचे कॅडेटही त्याला अपवाद नाहीत. तुझं नाव यादीत लागलंय ना? मग चल, सगळा दिवस क्रमाने लावून घेऊ.

ही कृती .२२ रायफलीची, २५ मीटरवरून लेटून करायच्या फायरिंगची आहे. मधली पायरी गाळू नकोस आणि पुढची आधी घेऊ नकोस. मी शेजारीच उभा आहे असं समज. सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की कर : रायफलीचं तोंड कायम समोरच्या मातीच्या उंचवट्याकडे, म्हणजे बटाकडे. रायफल भरलेली असो वा रिकामी, तुझी असो वा शेजाऱ्याची. .२२ ची गोळी दिसायला इवलीशी, पण मोकळ्या माळावर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

आदल्या दिवशी

१. पूर्ण बाह्यांचा गणवेश काढून ठेव. वरचं बटण लागतंय ना, ते आत्ताच बघ. कॉलर उघडी असली की उडालेली गरम पुंगळी नेमकी तिथेच शिरते.

२. खिसे रिकामे कर. पेन, किल्ल्या, नाणी पोटावर लेटल्यावर टोचतात आणि अंग हलतं. मोबाइल सामानातच राहू दे. रेंज लष्कराच्या हद्दीत असेल तर तिथे फोटो काढायचे नसतात. ओळखपत्र मात्र विसरू नकोस.

३. इअरप्लग पिशवीत टाक. कापसाचे बोळे ही नाइलाजाची सोय आहे. त्यांनी आवाज पुरेसा अडत नाही.

४. वेळेवर झोप. जागरण झालं की हात थरथरतो. अकोले किंवा जामखेडकडून येणार असशील तर पहाटेच्या एसटीच्या भरवशावर न राहता आदल्या संध्याकाळीच नगर गाठ.

५. सकाळी थोडं खाऊन निघ. प्लेटभर पोहे पुरतात. भरल्या पोटावर लेटून नेम धरता येत नाही, म्हणून मिसळ परतताना खा.

रेंजवर पोचल्यावर

६. लाल झेंडा शोध. झेंडा वर आहे म्हणजे फायरिंग चालू आहे, किंवा आता होणार आहे. पहाऱ्यावरचा माणूस आत घेईपर्यंत एक पाऊलही पुढे नको.

७. तब्येत बरी नसेल तर एएनओंना, म्हणजे तुमच्या कॉलेजच्या किंवा शाळेच्या एनसीसी अधिकाऱ्यांना, लगेच सांग. ताप असेल, चक्कर येत असेल, गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, तर आज बघायचं फक्त. यात कमीपणा अजिबात नाही.

८. तुझी डिटेल, म्हणजे एका वेळी फायर करणारी तुकडी, आणि तुझा टार्गेट नंबर विचारून घे. दोन्ही मनातल्या मनात घोक. आडवं झाल्यावर सगळी टार्गेट सारखीच दिसतात. नवखे कॅडेट शेजाऱ्याच्या कागदावर गोळ्या मारतात ते इथेच चुकून.

९. वाट बघणाऱ्यांच्या जागेवर, फायरिंग लाइनच्या मागे बस. पुढच्या मित्राला हाक मारू नकोस. त्याने मान वळवली की हातातली रायफलही वळते.

१०. उस्ताद, म्हणजे फायरिंग शिकवणारे प्रशिक्षक, सूचना देत असतील तेव्हा त्यांच्याकडे बघून ऐक. आज्ञा हिंदीत असतात. ‘भर’, ‘खाली कर’ (म्हणजे रिकामी कर), ‘जाँच शस्त्र’ या तीन कानांवर पडल्या की काय करायचं, हे आत्ताच विचारून घे. लाइनवर पोचल्यावर शंका विचारायला उशीर झालेला असतो.

राउंड घेताना

११. अम्युनिशन पॉइंटवर पाच राउंड मोजून घे. मोठ्याने मोज, देणाऱ्यालाही ऐकू जाऊ दे.

१२. प्रत्येक राउंड बोटांत फिरवून बघ. चेपलेला, वाकडा किंवा गोळी सैल झालेला असेल तर परत दे. माती लागली असेल तर पुसून घे.

१३. राउंड हातातच ठेव. खिशात नको! खिशात गेलेला राउंड संध्याकाळी बॅरकमध्ये सापडतो, आणि मग सगळ्या शिबिराची झोप उडते.

फायरिंग पॉइंटवर

१४. आज्ञा झाली की चालत पुढे जा आणि आपल्या ग्राउंडशीटमागे उभं राहा. खाली ठेवलेल्या रायफलीला हात लावू नकोस. टार्गेटजवळ एकही माणूस असेल तर कोणीच कोणत्याही रायफलीला शिवत नाही. ‘मी फक्त सरळ करत होतो’ हे रेंजवर चालत नाही.

१५. आज्ञेवर लेट. उजव्या हाताने मारत असशील तर शरीर नेमाच्या रेषेच्या किंचित डावीकडे तिरकं, पाय फाकलेले, टाचा जमिनीला. डावखुऱ्यांनी उलट बाजूने लेटायचं, आणि ते उस्तादांना आधीच सांगायचं.

१६. रायफल घे, तोंड बटाकडे ठेवूनच. उचलून, वळवून, मग नीट धरू, असं नको.

१७. बोल्ट मागे ओढून चेंबर बघ. आधी डोळ्याने, मग करंगळीने चाचपून. आधीच्या डिटेलने रिकामी करून ठेवली असेल यावर विसंबू नकोस. उस्तादांनी स्वतः तुझ्या हातात दिली तरी तपास. ते रागावणार नाहीत, उलट खूश होतील.

१८. ‘भर’ ऐकू आल्यावरच राउंड भर. मॅगझीनमध्ये भरायचे की एकेक घालायचे, हे उस्ताद सांगतील. राउंड अडला तर ठोकून आत ढकलू नकोस, हात वर कर.

१९. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, सरळ ठेव. नेम पूर्ण लागेपर्यंत ते तिथेच. मला विचारशील तर साऱ्या कृतीत सर्वांत जास्त घोटायची सवय ही. दचकला माणूस की मूठ आवळतो, आणि बोट ट्रिगरवर असेल तर गोळी सुटते. घरी लाटणं हातात घेऊनही याचा सराव करता येतो.

गोळी मारताना

२०. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसव. गाल दस्त्यावर टेकव, दर गोळीला त्याच जागी. जागा बदलली की नेमही बदलतो.

२१. पुढच्या साइटचं टोक काळ्या गोलाच्या खालच्या काठाला लाव. नजर साइटच्या टोकावर ठेव. ते स्पष्ट दिसायला हवं, गोल धूसर दिसला तरी चालेल.

२२. श्वास घे, अर्धा सोड, थांब. सातआठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर ट्रिगरवरचं बोट काढून पुन्हा श्वास घे. दम कोंडून ओढलेली गोळी भरकटते.

२३. ट्रिगर हळूहळू दाबत जा. झटका दिला की नळीचं तोंड हललंच.

२४. आवाज झाल्यावरही क्षणभर तसंच राहा. कुठे लागली ते बघायला डोकं वर काढलं की पुढच्या गोळीची बैठक मोडते.

२५. बोल्ट पूर्ण मागे ओढ. अर्धवट ओढला की पुंगळी आतच अडकते.

२६. उरलेल्या चार राउंडना विसाव्या पायरीपासून पुन्हा तेच कर. घाई नको. शेजाऱ्याचे पाच संपले तरी तुझे तीनच झाले असतील तर काही बिघडत नाही.

काही वेगळं घडलं तर

इथे जरा थांबू. या चार गोष्टी अचानक होतात आणि त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, म्हणून आजच मनात बसव.

ट्रिगर दाबला पण आवाजच झाला नाही : रायफल तशीच बटाकडे धरून ठेव, बोट बाहेर काढ, हात वर कर आणि निदान ३० सेकंद बोल्टला हात लावू नकोस. राउंड उशिरा पेटू शकतो. बोल्ट उघडण्याचं काम उस्तादांचं. आणि काहीही झालं तरी नळीत डोकवायचं नाही.

नेहमीच्या आवाजाऐवजी फुस्स झालं : पुढचा राउंड मारू नकोस. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फाटते. हात वर, तोंड बटाकडे.

गरम पुंगळी कॉलरमध्ये गेली : चटका बसेल, पण उठू नकोस आणि वळू नकोस. आधी बोट बाहेर, रायफल खाली, तोंड समोर. मग कॉलर झटक. चटका दोन दिवसांत बरा होतो. त्या भरात रायफल फिरली तर शेजारचा कॅडेट नळीसमोर येतो.

कुत्रं, शेळी, माणूस, कोणीही समोर आलं : जोरात ‘थांबा’ असं ओरड. ही हाक द्यायला हुद्दा लागत नाही. लाइनवरचा सर्वांत लहान कॅडेटही फायरिंग थांबवू शकतो, आणि हाक ऐकली की सगळ्यांनी बोट बाहेर काढायचं. हाक चुकीची निघाली तरी कोणी हसायचं नाही. ही जबाबदारी मी मोठ्या कॅडेटवर टाकतो.

संपल्यावर

२७. बोल्ट उघडा ठेवून रायफल खाली ठेव. संपलं म्हणून उठू नकोस, लेटूनच राहा.

२८. ‘खाली कर’ आणि तपासणीच्या आज्ञा क्रमाने पाळ. उस्तादांनी चेंबर बघितल्याशिवाय रायफल रिकामी धरली जात नाही.

२९. सगळी लाइन तपासून झाली आणि पुढे जायची आज्ञा आली की टार्गेटकडे चालत जा. धावायचं नाही, एकट्याने पुढे जायचं नाही.

३०. ग्रुपिंग बघ. पाच भोकं जवळजवळ असतील तर पाठ थोपटून घे, मग ती मध्यापासून लांब का असेनात. नेमाची जागा उस्ताद पाच मिनिटांत सुधारतात, विखुरलेल्या गोळ्यांना मात्र सराव लागतो. पहिल्या दिवशी कोणी गुण विचारले तर सांगू नकोस. तो दिवस गुणांचा नाहीच.

३१. आपल्या पाचही पुंगळ्या वेचून जमा कर. उस्ताद त्यांना खोखे म्हणतील. एक जरी कमी भरली तर सगळे मिळून गवतात शोधतात. आठवण म्हणून एखादी खिशात टाकायचा मोह होईल, तो आवर.

३२. आपल्याजवळ जिवंत राउंड किंवा पुंगळी नाही, हे विचारल्यावर स्पष्ट सांग. सांगण्याआधी खिसे एकदा खरंच चाचप.

३३. साबणाने हात आणि तोंड धू, मगच डब्याला हात लाव. गोळीत शिसं असतं, ते बोटांना लागतं आणि पोटात जाता कामा नये.

३४. रायफल साफ करायला बसवलं तर पुलथ्रू, म्हणजे चिंदी लावलेली साफसफाईची दोरी, चेंबरकडून घालून तोंडाकडे ओढ. चिंदी फार जाड घेतलीस तर ती नळीत अडकते.

नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या मुलामुलींना आणखी एक सांगायलाच हवं. के. के. रेंज ही वेगळी गोष्ट आहे. तिथे लष्कराचा मोठ्या तोफगोळ्यांचा सराव चालतो. पुंगळी वेचायची सवय तिकडे न्यायची नाही. माळावर पडलेला धातूचा तुकडा न फुटलेला गोळाही असू शकतो. हात लावू नकोस, दगड मारू नकोस, जागा लक्षात ठेव आणि पोलीस पाटलांना कळव.

पुढे शॉटगनच्या रेंजवर गेलीस किंवा गेलास तर

दिल्लीच्या तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंह रेंजवर उडत्या मातीच्या तबकड्या फोडतात, ट्रॅप आणि स्कीट. बंदूक बारा बोअरची, आणि इथले काही नियम .२२ पेक्षा वेगळे.

३५. बंदूक हातात घेताच मोडून उघडी कर. नेताना, ठेवताना, गप्पा मारताना ती उघडीच राहते, म्हणजे रिकामी असल्याचं सगळ्यांना लांबूनही दिसतं.

३६. चष्मा आणि कानांचं संरक्षण दोन्ही लाव. फुटलेल्या तबकडीचे तुकडे मागेही येतात.

३७. काडतुसं स्वतः तपासून घे. बाराच्या डब्यात वीस बोअरचं एखादं मिसळलं तर ते नळीत पुढे सरकून अडकतं. त्यामागे बाराचं घातलं तर नळी फुटते.

३८. आपल्या जागेवर उभं राहून, आपली पाळी आल्यावरच काडतूस भर. तोंड मैदानाकडे असू दे.

३९. पाळी संपली की बंदूक उघड, मगच पाऊल हलव. ट्रॅपमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना मागे-पुढे माणसं असतात.

४०. नळीचं तोंड बुटावर टेकवू नकोस. काही मोठे खेळाडू टेकवताना दिसतील, तरीही नको.

वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधी बंदुकीचा परवाना स्वतःच्या नावावर मिळत नाही. तोवर हातात येणारी बंदूक प्रशिक्षणातली, आणि प्रशिक्षक शेजारी असतानाच. त्यामुळे पुढच्या फायरिंगची तारीख एएनओंना आजच विचारून ठेव, आणि त्या दिवशी आपल्या डिटेलमधल्या नव्या कॅडेटला चौदावी आणि एकोणिसावी पायरी तू शिकव.